वाचक विचारतात : हरलेली फौज ढोल वाजवत बाहेर का पडायची?

मागच्या अंकात स्पेनच्या गादीच्या युद्धावर (१७०१ ते १७१४, एकीकडे फ्रान्स, दुसरीकडे इंग्लंड, हॉलंड आणि ऑस्ट्रिया ही दोस्त राष्ट्रं) लेख आला होता, त्यावर बरेच प्रश्न आले आणि गंमत म्हणजे लढायांबद्दल फार थोडे, बहुतेक सगळे वेढ्यांबद्दल. मला याचा मनापासून आनंद झाला कारण त्या काळातलं युद्ध खरं तर वेढ्यांचंच होतं. इंग्रज सेनापती मार्लबरोच्या मोठ्या मैदानी लढाया चार, आणि त्याने घेतलेली किल्लेबंद शहरं पंचवीसच्या वर, यावरूनच अंदाज करा. सारखे वाटलेले प्रश्न एकत्र करून उत्तरं देतोय.

प्रश्न : उत्तर फ्रान्समधला लीलचा किल्ला पडल्यावर फ्रेंच शिबंदी (किल्ल्यात ठेवलेली फौज) झेंडे फडकवत, ढोल वाजवत बाहेर पडली असं तुम्ही लिहिलंत. हरलेल्यांना असं मिरवत का जाऊ दिलं? जिंकणाऱ्याला यात काय मिळायचं?

उत्तर : जिंकणाऱ्याला दिवस मिळायचे. हे एकदा लक्षात आलं की त्या काळातल्या निम्म्या चालीरीती आपोआप उलगडतात. वेढा घालणारी फौज चिखलात बसलेली असते, तिच्यात रोज माणसं आजारी पडतायत, घोड्यांचा चारा आसपासच्या गावांतून ओरबाडून संपत आलाय, मोहिमेचा हंगाम वसंत ते शरद एवढाच, आणि वर शत्रूची दुसरी फौज किल्ला सोडवायला कुठून येईल त्याची धास्ती. त्यामुळे किल्ला आठ दिवस आधी मिळाला तर ते आठ दिवस म्हणजे शेकडो, कधी हजारो माणसांचे जीव, आणि कधी कधी त्याच हंगामात आणखी एक शहर घेता येईल एवढी सवड. आतल्या किल्लेदाराकडे विकायला नेमकी हीच वस्तू असायची, अजून किती दिवस झुंजू शकतो ती. मग सौदा व्हायचा. तू आज दार उघड, मी तुझ्या माणसांना कैद करत नाही, हत्यारं काढून घेत नाही, इज्जतीने तुमच्या जवळच्या ठाण्यापर्यंत पोचवतो.

आणि हा सौदा जमायचा कारण दोन्ही बाजूंना किल्ला साधारण कधी पडणार ते माहीत असायचं. फ्रान्सचा मोठा इंजिनिअर वोबाँ (१६३३ ते १७०७), ज्याने आयुष्यात पन्नासच्या आसपास वेढे चालवले, त्याने आदर्श वेढ्याचं वेळापत्रकच मांडून ठेवलं होतं, रस्ते अडवण्यापासून शरणागतीपर्यंत एकूण ४८ दिवस. आता प्रत्यक्षात पाऊस पडतो, दारूगोळा उशिरा येतो, किल्लेदार हट्टी निघतो, त्यामुळे आकडा मागेपुढे व्हायचा, पण बाहेरून मदत आली नाही तर किल्ला पडणार हे नक्की. जे नक्की आहे त्यासाठी शेवटच्या दिवशी हजार माणसं मारायची का, हा प्रश्न मग दोघांनाही पडायचा.

बाहेर पडण्याचा थाट कसा असायचा तेही सांगतो. सगळ्यात मोठा मान म्हणजे तटाला पडलेल्या खिंडारातून बाहेर पडणं, कारण त्यातून दिसायचं की तट फुटेपर्यंत आम्ही हललो नाही. ढोल वाजतायत, निशाणं उघडी आहेत, बंदुकीची जामगी (दारू पेटवायची वात) दोन्ही टोकांना पेटलेली आणि गोळी तोंडात धरलेली. गोळी तोंडात कशाला, तर बंदूक भरताना शिपाई ती तोंडात धरायचे, म्हणजे आम्ही अजूनही लढायच्या तयारीत आहोत, पळून चाललेलो नाही, हे दाखवायला. बरोबर ठरलेल्या संख्येच्या तोफा. आणि काही झाकलेल्या गाड्या, ज्या उघडून बघायच्या नाहीत अशी अट तहात लिहिलेली असायची. त्या गाड्यांत बहुतेक वेळा शत्रूकडून फुटून आलेले शिपाई लपलेले असायचे, कारण ते सापडले असते तर मूळ फौजेने त्यांना सरळ फासावर दिलं असतं. जिंकणाऱ्याला गाडीत कोण आहे ते माहीत असायचं आणि तरी तो बघायचा नाही. मला या सगळ्या रीतींमधली ही सगळ्यात माणुसकीची वाटते.

बोलणी सुरू करायची पद्धतही ठरलेली. तटावर ढोलवाला चढायचा आणि एक विशिष्ट ताल वाजवायचा, त्याला शामाद म्हणत. तो ऐकला की खंदकातला गोळीबार थांबायचा. दोन्हीकडून काही अधिकारी ओलीस म्हणून एकमेकांकडे जायचे, कलमं लिहिली जायची, समासात एकेका कलमापुढे मंजूर किंवा नामंजूर असा शेरा पडायचा. सह्या झाल्या की एक दरवाजा लगेच वेढेकऱ्यांच्या ताब्यात. किल्लेदाराने दारूची कोठारं आणि पेरलेले सुरुंग कुठे आहेत ते दाखवायचं. जखमी आणि आजारी शिपाई जागेवरच राहायचे आणि बरे झाले की त्यांना त्यांच्या सैन्याकडे जाऊ द्यायचं.

लीलला तर याची हद्दच झाली. १७०८ च्या ऑगस्टमध्ये खंदक उघडले (म्हणजे वेढेकऱ्यांनी किल्ल्याकडे खणत जायला सुरुवात केली), शहर २२ ऑक्टोबरला शरण आलं, मग फ्रेंच सेनापती मार्शल बुफ्लेर उरलेली शिबंदी घेऊन आतल्या बालेकिल्ल्यात गेला आणि तिथे डिसेंबरपर्यंत टिकला. शेवटी ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा सेनापती प्रिन्स युजीन, जो वेढा चालवत होता, त्याने बुफ्लेरला निरोप पाठवला की कलमं तुम्हीच लिहा, मी सही करतो. याच वेढ्यात युजीनच्या स्वतःच्या डोक्याला गोळी लागून जखम झाली होती, दोस्तांची बारा हजारांवर माणसं मेली किंवा जायबंदी झाली होती, आणि तरीही हा निरोप. मनाचा मोठेपणा तर होताच, पण डिसेंबर उजाडला होता आणि युजीनला त्याच हिवाळ्यात गेंटही परत घ्यायचं होतं, हेही विसरू नका.

प्रश्न : किल्ला पडणार हे आधीच माहीत असेल तर किल्लेदार पहिल्याच दिवशी शरण का जात नव्हते?

उत्तर : कारण डोकं जायचं, अगदी शब्दशः. १७०३ साली ऱ्हाइनकाठचा ब्रायझाख किल्ला ऑस्ट्रियाच्या सम्राटाकडे होता, किल्लेदार काउंट आर्को. फ्रेंच आले, बरोबर सत्तरीचा वोबाँ, आणि योगायोग असा की या किल्ल्याची तटबंदी पूर्वी वोबाँनेच बांधलेली, त्यामुळे तिची नस न नस त्याला ठाऊक. खंदक उघडल्यापासून दोन आठवड्यांच्या आसपास किल्ला खाली. सम्राटाच्या कोर्टमार्शलने आर्कोला लवकर शरण गेल्याबद्दल दोषी धरलं आणि फेब्रुवारी १७०४ मध्ये ब्रेगेंझला त्याचा शिरच्छेद झाला. त्याचा दुय्यम होता मार्सिली, त्याची तलवार मोडून त्याला बेइज्जत करून फौजेतून काढलं. (हाच मार्सिली पुढे समुद्राच्या अभ्यासासाठी नावाजला गेला, विज्ञानाला त्या शिक्षेचा फायदाच झाला म्हणायचं.)

चौदाव्या लुईची आपल्या किल्लेदारांकडून अपेक्षा होती की मुख्य तटाला खिंडार पडल्याशिवाय आणि तिथे हल्ला परतवल्याशिवाय बोलणी करायची नाहीत. आता दुसरी बाजू बघा. खिंडार चढण्याजोगं झालं, वेढेकऱ्याने शरण या म्हणून सांगितलं, आणि किल्लेदार तरीही अडून बसला आणि मग शहर हल्ला करून घ्यावं लागलं, तर जुन्या रिवाजाप्रमाणे आतल्या कोणालाच अभय नाही, ना शिपायांना ना शहरवासीयांना. लूट हा मग हल्ला करणाऱ्यांचा हक्कच समजला जायचा.

म्हणजे किल्लेदाराला दोन भीतींच्या मधली वेळ पकडायची असायची. लवकर ढोल वाजवला तर स्वतःचा राजा मारणार, उशिरा वाजवला तर शत्रू मारणार आणि सोबत शहरही जाणार. म्हणून हे लोक वेढ्याची रोजनिशी ठेवायचे, आज इतकी दारू उरली, आज या बुरुजाचा कोपरा ढासळला, आज अधिकाऱ्यांच्या बैठकीत सगळ्यांनी सही केली की आता टिकणं शक्य नाही. पुढे चौकशी झाली तर हे कागद जीव वाचवायला लागायचे. अभ्यासकांना या वेढ्यांची इतकी तपशीलवार माहिती मिळते त्यामागे हेही कारण आहे.

प्रश्न : खंदक खणत खणत किल्ल्यापर्यंत जाणं म्हणजे नेमकं काय? वरून तोफा चालू असताना खणणारे वाचायचे कसे?

उत्तर : हा माझा सगळ्यात आवडता विषय आहे, थोडं सविस्तर लिहितो.

आधी घोडदळ येऊन सगळे रस्ते अडवायचं. मग फौज पोचली की आसपासच्या खेड्यांतले शेतकरी वेठीला धरून शहराभोवती मातीच्या दोन रांगा उभ्या करायच्या, एकीचं तोंड शहराकडे म्हणजे आतून कोणी बाहेर येऊ नये म्हणून, दुसरीचं बाहेर म्हणजे मदतीला येणाऱ्या फौजेला अडवायला. मग इंजिनिअर दिवसरात्र लपून तट बघत हिंडायचे आणि कुठल्या बाजूने घुसायचं ते ठरवायचे.

मग खंदक उघडायची रात्र. सहाशे मीटरच्या आसपास अंतरावर, अंधारात, शेकडो मजूर एका रांगेत, प्रत्येकाकडे कुदळ, फावडं आणि काटक्यांची जाड मोळी, एक शब्द न बोलता. इशारा झाला की सगळे एकदम खणायला सुरुवात करायचे आणि उजाडेपर्यंत माणूस झाकेल एवढा खंदक तयार. तो तटाला समांतर असायचा. ही समांतर खंदकांची पद्धत वोबाँने १६७३ साली मास्ट्रिख्तला पहिल्यांदा पूर्णपणे वापरली, आणि तेव्हा ते भक्कम शहर खंदक उघडल्यावर दोन आठवड्यांच्या आत पडलं. त्याआधी लोक नुसते वाकडेतिकडे खंदक पुढे नेत, आतून शिबंदी बाहेर धावून आली की टोकाला सापडलेले मजूर कापले जात. समांतर खंदकात मात्र सबंध पलटणी बसवता येतात, धाड आली की लगेच तोंड देता येतं.

पहिल्या समांतर खंदकापासून पुढे नागमोडी वळणं घेत दुसऱ्यापर्यंत, तिथून तिसऱ्यापर्यंत. नागमोडी का, तर सरळ खणला तर तटावरची एक तोफ सबंध खंदकात गोळा घरंगळत सोडू शकते. दुसऱ्या खंदकाजवळ तोफांचे मोर्चे बांधायचे आणि तिथून किल्ल्याच्या तोफा गप्प करायच्या. यात वोबाँची आणखी एक युक्ती होती, १६९७ मध्ये आतला तिचा खरा प्रताप दिसला. (आत हे आजच्या बेल्जियममधल्या शहराचं नाव.) तोफेत दारू कमी घालायची म्हणजे गोळा तटावर जोरात आदळत नाही, तर तटाच्या कडेवरून उड्या मारत लांबीच्या दिशेने जातो आणि वाटेतल्या तोफा, गाडे, माणसं सगळं उलथवतो.

आता तिसऱ्या खंदकाच्या पुढचं काम, जिथे तट अगदी डोक्यावर येतो. इथे साधे मजूर चालत नाहीत, इथे खास शिकलेले सॅपर लागतात. सगळ्यात पुढचा सॅपर गुडघ्यावर, त्याच्यासमोर काटक्या भरलेली भलीमोठी आडवी टोपली, ती ढकलत ढकलत तो त्याच्या आडोशाने फक्त दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल चर खणायचा, माती बाजूला ठेवलेल्या रिकाम्या टोपल्यांत भरायची म्हणजे तीच भिंत होते, आणि मागचे तीन जण एकेक करून तोच चर रुंद आणि खोल करत येणार. थोड्या वेळाने पुढचा मागे जायचा आणि दुसरा पुढे यायचा. पैसे लांबीच्या मापाने मिळत, आणि किल्ला जसजसा जवळ तसतसा दर वाढत जाई. तेवढ्या पैशासाठी किती जण त्या दीड फुटात मेले याची मोजदाद कोणाकडेच नाही, तहाच्या कलमांत किल्लेदारांची नावं असतात, सॅपरची कुठेच नसतात.

वोबाँचं आयुष्यभराचं म्हणणं एकच, दारू जास्त जाळा पण रक्त कमी सांडा. म्हणजे घाईने हल्ला करून बाहेरची वाट (तटाबाहेरच्या खंदकापलीकडची, शिबंदीची आडोशाची वाट) ताब्यात घेण्यापेक्षा आणखी दोनतीन दिवस खणा. सगळे सेनापती हे ऐकायचे नाहीत. लीललाच ७ सप्टेंबरच्या रात्री दोस्तांनी बाहेरच्या वाटेवर थेट हल्ला चढवला आणि एका रात्रीत दोनतीन हजार माणसं गमावली, हाती आली ती थोडीशी जागा. डच इंजिनिअर कूहोर्नची पद्धत मुळात जास्त आक्रमक, खूप तोफा एकदम लावा आणि लवकर हल्ला करा. कूहोर्नला मी कमी लेखत नाही, त्याने बनवलेली उचलून नेता येणारी छोटी उखळी तोफ पुढे दीडशेहून जास्त वर्षं वापरात होती, पण मला वोबाँचाच हिशेब पटतो.

१७०६ मध्ये इटलीतल्या तुरिनपुढे तर हे उघडच दिसलं. फ्रेंच सेनापती ला फ्यूयाद, वोबाँ स्वतः यायला तयार होता पण याला त्याचा सल्ला नको होता, शहर कूहोर्नच्या पद्धतीने घेतो म्हणाला. वेढा चारएक महिने रेंगाळला. आतल्यांनी जमिनीखाली सुरुंगांच्या बोगद्यांचं जाळंच विणलेलं होतं. २९ ऑगस्टच्या रात्री फ्रेंच ग्रेनेडिअर (हल्ल्यात पुढे असणारे निवडक शिपाई) त्यातल्या एका बोगद्याच्या तोंडाशी पोचले, तेव्हा पिएत्रो मिक्का नावाच्या सुरुंगवाल्याने पळून जायला पुरेल एवढी वात लावायची वाट न बघता तिथेच स्फोट केला, हल्लेखोरही गेले आणि तोही गेला. दहाच दिवसांत, ७ सप्टेंबरला युजीनची फौज आली आणि वेढा उठला. ते बोगदे आजही तुरिनमध्ये आहेत आणि काही भाग बघता येतो.

प्रश्न : एका वेढ्याला सामान किती लागायचं?

उत्तर : लीलचाच आकडा देतो. १७०८ मध्ये ब्रसेल्सहून निघालेल्या ताफ्यात ८० जड तोफा, २० उखळी तोफा, दारूगोळ्याच्या ३,००० गाड्या आणि १६,००० घोडे होते. एका जड तोफेला २० घोडे जुंपावे लागत. हे सगळं शत्रूच्या फौजेच्या जवळून न्यायचं. पुढे रसद कमी पडली तेव्हा ओस्टेंड बंदरातून दुसरा ताफा काढला, तो अडवायला आलेल्या फ्रेंचांशी २८ सप्टेंबरला वाइनेंडालला लढाई झाली, ताफा सुखरूप पोचला म्हणूनच वेढा चालू राहिला. त्याच रात्री फ्रेंच घोडेस्वार खोगिरामागे दारूच्या पिशव्या बांधून, दोस्तांच्या टोप्यांवर असायची तशी हिरवी पानं खोचून, शत्रूच्या छावणीतूनच लीलमध्ये घुसले. काही जणांच्या पिशव्या वाटेत पेटल्या आणि ते घोड्यासकट उडाले, पण बरीच दारू आत पोचली.

प्रश्न : शहरात राहणाऱ्या साध्या लोकांचं काय व्हायचं? त्यांना कोणी विचारायचं का?

उत्तर : सुरुवातीला कोणीच नाही. तटासमोरचं मैदान मोकळं हवं म्हणून बाहेरची उपनगरं, झाडं, बागा किल्लेदारच जाळून टाकायचा. धान्य आधी शिबंदीला. फार वेळ लागणार असं दिसलं तर कामाला न येणारी माणसं बाहेर घालवायची पाळी यायची, आणि वेढेकरी त्यांना पुढे जाऊ देईलच असं नाही, कारण आत खाणारी तोंडं जितकी जास्त तितका त्याचा फायदा.

शरणागतीच्या वेळी मात्र शहराचे पंच वेगळी कलमं मांडायचे. धर्म पाळता यावा, जुने हक्क आणि करमाफी चालू राहावी, ज्यांना जायचंय त्यांना मालमत्तेसकट जाता यावं, वगैरे. ही कलमं बहुतेक मान्य व्हायची, कारण जिंकणाऱ्याला शहर जिवंत हवं असायचं, कर भरणारं. एक खर्च मात्र चुकायचा नाही, घंटांचा. शहराने तोफ डागू दिली की तिथल्या चर्चच्या घंटा आणि तांब्यापितळेचं सामान जिंकणाऱ्या फौजेच्या तोफखान्याच्या मालकीचं, असा फ्रेंच फौजेतला जुना हक्क होता. खरं तर घंटा उतरवून न्यायची कोणाचीच इच्छा नसायची, शहराने रोख रक्कम भरून आपल्याच घंटा सोडवून घ्यायच्या.

नुसता बॉम्बमारा करून शहर जाळणं हे इंजिनिअर लोकांना आवडत नसे, त्याने तट पडत नाही. पण राजकारणात ते व्हायचं. याआधीच्या युद्धात, १६९५ मध्ये, नामूरच्या वेढ्यावरून शत्रूचं लक्ष उडवायला फ्रेंचांनी ब्रसेल्सवर तीन दिवस बॉम्ब टाकले, चारएक हजार इमारती जळाल्या, आणि नामूरचा वेढा काही उठला नाही. मला तरी याचं कुठलंच समर्थन सापडत नाही.

प्रश्न : हे सगळे नियम लोक खरंच पाळायचे की फक्त कागदावर होते?

उत्तर : राजांच्या कायम फौजा एकमेकांशी लढत होत्या तिथे बऱ्यापैकी पाळायचे, आणि त्यामागे बदल्याची भीती होती. १६९५ चं उदाहरण बघा. त्या वर्षी फ्रेंचांनी दीक्सम्यूड आणि डाइन्झे इथल्या शिबंद्या पकडल्या आणि दोन्ही बाजूंच्या कैदी सोडण्याच्या कराराप्रमाणे त्यांना सोडायला नकार दिला. पुढच्याच महिन्याभरात नामूर पडलं, किल्लेदार होता तोच बुफ्लेर. सगळ्या मानाने, ढोल वाजवत तो बाहेर आला आणि इंग्लंडचा राजा विल्यम याच्या माणसांनी त्याला तिथेच अटक केली. तो भडकला, हे तहाच्या विरुद्ध आहे म्हणाला. उत्तर मिळालं की तुमच्या राजाने आमची माणसं सोडली की तुम्हालाही सोडू. तसंच झालं, माणसं सुटली आणि बुफ्लेरही सुटला. (दीक्सम्यूड फार लवकर सोडल्याबद्दल तिथल्या सेनापतीचा, एलेनबर्गरचा, विल्यमने शिरच्छेद केला, म्हणजे मघाचा आर्को एकटा नव्हता.)

आणि जिथे समोरच्याला बरोबरीचा शत्रू न मानता बंडखोर मानलं, तिथे नियम गळून पडले. स्पेनमधलं शातिवा घ्या. १७०७ मध्ये आल्मान्साची लढाई जिंकल्यावर फ्रान्सच्या पाठिंब्याने स्पेनच्या गादीवर बसलेल्या फिलिप पाचव्याच्या फौजेने ते शहर वेढलं, शहराने कडवा प्रतिकार केला, आणि ते पडल्यावर राजाच्या हुकमाने जाळलं गेलं, त्याचं नावसुद्धा बदलून सान फेलिपे केलं. आज तिथल्या संग्रहालयात फिलिपचं तैलचित्र उलटं, डोकं खाली पाय वर, असं टांगलेलं आहे. बार्सिलोना वर्षभराहून जास्त झुंजली आणि ११ सप्टेंबर १७१४ ला शेवटच्या हल्ल्यात पडली. तिथे फिलिपच्या बाजूचा सेनापती बर्विक याने सरसकट लूट होऊ दिली नाही हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं, पण नंतर नवा बालेकिल्ला बांधायला शहराचा एक सबंध भाग पाडला, कातालोनियाचे जुने कायदे रद्द केले, आणि मोरागेस नावाच्या कातालान सेनापतीला, ज्याने आधी तह करून हत्यारं खाली ठेवली होती, माजोर्काला निसटायच्या प्रयत्नात पकडून १७१५ मध्ये मारलं. त्याचं डोकं पिंजऱ्यात घालून बंदराच्या वेशीवर बारा वर्षं टांगून ठेवलं होतं. बुफ्लेरला कोरा कागद आणि मोरागेसला पिंजरा, मध्ये फक्त सहासात वर्षं. मला वाटतं की या चालीरीतींना सभ्यता म्हणताना ती कोणापुरती होती हे बघितलंच पाहिजे.

तिकडे उत्तरेला, रशिया आणि स्वीडनच्या युद्धात, १७०४ मध्ये नार्वापुढे रशियाचा झार पीटर. स्वीडिश किल्लेदार हॉर्नने खिंडार पडल्यावरही शरण यायला नकार दिला, रशियन घुसले आणि कत्तल सुरू झाली. पीटरने ती थांबवायला स्वतःच्याच एका लुटारू शिपायाला तलवारीने मारलं आणि ती रक्ताळलेली तलवार हॉर्नसमोर टाकली, असं सांगतात. त्याने हॉर्नवर राग काढला तो याच मुद्द्यावर, तू वेळेत शरण आला असतास तर हे झालं नसतं.

प्रश्न : मोठे लोक कधी वेढ्यात मरायचे का, की फक्त शिपाई?

उत्तर : मरायचे, कारण सेनापतीने खंदकात जाऊन काम बघायचं ही रीतच होती. स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स १७१८ च्या हिवाळ्यात नॉर्वेतल्या फ्रेडरिक्स्टेन किल्ल्यापुढे असाच गेला. रात्री पुढच्या खंदकाचं काम चालू असताना तो मातीच्या कडेवर डोकं काढून बघत होता आणि गोळी डोक्यातून आरपार गेली. बार्सिलोना घेणारा बर्विक १७३४ मध्ये फिलिप्सबुर्गच्या खंदकात तोफेच्या गोळ्याने गेला.

प्रश्न : वेढ्यात सापडलेल्या शहरात नाणी पाडायचे असं वाचलं, ते कशासाठी?

उत्तर : शिबंदीचा पगार द्यायला. पगार थकला की शिपाई रात्री तटावरून उतरून शत्रूकडे जायचे, आणि बाहेरून तर खजिना येऊ शकत नाही. लीलमध्ये बुफ्लेरने तांब्याची नाणी पाडली, वेढा उठला की बदलून देऊ या भरवशावरची. तूर्नेचा किल्लेदार स्यूरव्हीलने १७०९ मध्ये आपली चांदीची भांडी वितळवून वीस सू (सू म्हणजे फ्रेंच चिल्लर) किमतीची नाणी काढली आणि त्यावर राजाच्या ऐवजी स्वतःचा चेहरा छापला, जे त्या काळात धाडसच म्हणायचं. मला मात्र लांडाउची नाणी जास्त आवडतात. तिथे १७०२ च्या वेढ्यात फ्रेंच किल्लेदार मेलाकने आपल्या जेवणाच्या चांदीच्या ताटांचे सरळ कात्रीने तुकडे केले आणि त्यावर शिक्के मारले, त्यामुळे काही नाणी तिरकी, काही चौकोनी, आणि काहींवर तर ताटाच्या काठाची नक्षी अजून तशीच दिसते.